तेवढंच आहे, भाऊ!

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या मुख्तार टेलरच्या दुकानात आजवर कोणाचीही कंबर वाढलेली नाही. माणसाचा पगार वाढतो, मुलं वाढतात, स्कूटरची गादी एका बाजूनं खचत जाते, पण मुख्तारनं कमरेभोवती टेप फिरवली, अंगठ्याच्या नखानं आकडा दाबून धरला आणि चष्म्यावरून वर पाहिलं की त्याच्या तोंडून एकच वाक्य निघतं. "तेवढंच आहे, भाऊ!" गिऱ्हाईक खूश होतं आणि सुटकेचा श्वास सोडतं. त्या श्वासाबरोबर इतका वेळ आत ओढून धरलेलं पोट बाहेर येतं, आणि मुख्तार खरं माप घेतो ते तेव्हा. मग पाठमोरा होऊन तो वहीत मागच्या वर्षीच्या बत्तीसच्या खाली चौतीस लिहितो आणि वही मिटून टाकतो.

याला कोणी खोटं म्हणेल. म्हणू देत. मुख्तारला हा धडा त्याच्या अब्बांनी दिला होता. अब्बा नरडाण्याजवळच्या एका गावात लोकांच्या ओट्यावर मशीन मांडून कपडे शिवायचे. माप वहीत लिहायचं, तोंडातून काढायचं नाही, हा त्यांचा नियम. दुसरा नियम मायेचा. प्रत्येक पॅन्टीच्या मागच्या शिवणीत दोन इंच जादा कापड आत दुमडून ठेवायचं, त्याला म्हणायचं माया. पुढेमागे माणूस भरला तर शिवण उसवायची, माया सोडायची, पॅन्ट पुन्हा बसते. शिंप्यानं गिऱ्हाइकाची लाज राखायची ती अशी, असं अब्बा म्हणायचे. मुख्तारनं तीस वर्षं ती इतकी राखली की पिंप्राळ्यातले निम्मे पुरुष आजही स्वतःला कॉलेजात होते तेवढेच समजतात.

आता जो माणूस परक्यांना इतकं सांभाळून घेतो, तो स्वतःला वाऱ्यावर सोडेल का? अठ्ठावन्न वर्षांच्या मुख्तारनं सगळ्यात जास्त सांभाळलं ते स्वतःला. पूर्वी त्याची मशीन पायानं चालायची. दिवसभर पॅडल मारून पोटऱ्या नुसत्या दगड झाल्या होत्या. मग आतिफनं, त्याच्या थोरल्यानं, बापाच्या कौतुकापोटी मशीनला मोटर बसवून दिली. पायाला काम उरलं नाही. घरापासून दुकान चारशे पावलांवर, तिथे स्कूटरनं जायचं. गिऱ्हाईक आलं की चहा, आणि गिऱ्हाईक नाही आलं की करमत नाही म्हणून चहा. चहाबरोबर खारी. चार वाजता समोरच्या गाडीवर कचोरी तळायला घेतली की मुख्तारची कात्री आपोआप थांबायची.

एवढं सगळं करूनही त्याला आपण जाड झालोय असं कधी वाटलं नाही, आणि याचं कारण फक्त शिंप्यालाच कळेल. पॅन्ट कमरेला काचायला लागली की तो दुपारी शटर अर्धं ओढायचा, लुंगी लावायचा, स्वतःची पॅन्ट उसवायचा, अर्धा इंच माया सोडायचा आणि पुन्हा शिवून घालायचा. दहा मिनिटांचं काम. माया संपली तेव्हा मागे त्याच रंगाची पट्टी जोडली. दुसऱ्या माणसाला एक दिवस त्याची पॅन्टच सांगते की बाबा रे, आता पुरे. मुख्तारच्या पॅन्टीनं त्याला कधी चकार शब्द सांगितला नाही. तो अगदी मनापासून म्हणायचा, "माझी कंबर? तेवढीच आहे."

"और वो पट्टी?" त्याची बायको नसीम विचारायची.

"कपडा सिकुड़ता है," मुख्तार सांगायचा.

"तीस साल से सिकुड़ ही रहा है," असं म्हणून नसीम भांडी घासायला जायची.

त्या वर्षी तुळशीची लग्नं आटोपली आणि एका सकाळी लोटन दुकानात आला. लोटन मुख्तारचा लहानपणचा दोस्त. त्याच नरडाण्याकडच्या गावात दोघं एका शाळेत होते, एका विहिरीत पोहले होते, आणि एकाच गुरुजींचा मार खाल्ला होता. पुढे मुख्तार जळगावला आला, लोटन कपाशीच्या शेतात राहिला. पण लोटननं रेडिमेड कपड्याला कधी हात लावला नाही. नवा कपडा म्हटला की तो नरडाण्याला गाडीत बसणार, जळगावला उतरणार, रिक्षा करून पिंप्राळ्यात येणार आणि दारातूनच ओरडणार, "काय भो! जित्ता शे का?"

यंदाचं कारण मोठं होतं. लोटनच्या लेकीचं, मोहिनीचं, माघात लग्न होतं. नवरीच्या बापाला सफारी पाहिजे. राखाडी कापडाची घडी त्यानं टेबलावर आपटली आणि अंगातलं स्वेटर काढून हात पसरून उभा राहिला.

मुख्तारनं टेप फिरवली. नखाखाली आकडा आला आणि त्याचा हात थांबला. त्यानं टेप सोडून पुन्हा फिरवली. आकडा तोच. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "तेवढंच आहे, भाऊ."

"तेवढंच?" लोटन उसळला. "डोया फुटनात का तुन्हा? नीट देख!"

मुख्तारच्या तीस वर्षांच्या धंद्यात असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. या माणसाला आकडा हवा होता, आणि तोही चारचौघांत.

"जोरमा सांग," लोटन म्हणाला, "बठ्ठास्ले ऐकू दे!" बाकावर काज-बटण करून घ्यायला बसलेल्या दोघांकडे वळून तो म्हणाला, "दिवाळी ते दिवाळी. काही करं नही. उलट मी दोन भाकरी जास्त खास, तरी बारीक व्हई ऱ्हायनू! गावमा बठ्ठा लोके इचारतस, लोटनआबा, काय औषध शे?"

आणि लोटनआबा सांगत होते. रोज संध्याकाळी पारावर त्यांचा वर्ग भरत होता. पोटं सुटलेले आठनऊ जण समोर बसायचे. कारण गावाचंही आता पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. नांगरट ट्रॅक्टरनं व्हायची, बांधापर्यंत मोटारसायकल जायची, कपाशी मजूर वेचायचे, आणि दादर ज्वारीच्या भाकरीच्या जागी सकाळ-संध्याकाळ चहात बुडवलेले टोस्ट आले होते. लोटनआबांचा त्यांना उपदेश होता: भरपूर खा, भरपूर पाणी प्या, काळजी करू नका. हे सांगतानाही त्यांच्या हातात दोन लिटरची बाटली असायची. ती बाटली आत्ताही बगलेत होती. दुकानात आल्यापासून पाऊण तासात ती रिकामी झाली, आणि लोटन दोनदा गल्लीच्या टोकाला जाऊन आला.

मुख्तारनं वही उघडली. तीस वर्षांत लोटनच्या नावाखाली एक ओळ सरळ चढत गेली होती. लग्नात तीस, मग बत्तीस, चौतीस, छत्तीस, गेल्या वर्षी साडेअडतीस. आणि आज साडेतेहतीस. हे असे आकडे त्यानं याच वहीत आधी एकदा पाहिले होते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सुकदेव सर, हायस्कूलमधून निवृत्त झालेले. चाळीसचे एका वर्षात पस्तीस झाले. सर आनंदात होते आणि मुख्तारनंही तोंडभरून अभिनंदन केलं होतं. त्यांच्या पाच पॅन्टी त्यानं आनंदानं बारीक करून दिल्या होत्या. पुढे सात महिन्यांनी सरांचा मुलगा त्याच पाच पॅन्टी घेऊन आला. म्हणाला, उजवा पाय गुडघ्यापासून कमी करून शिवून द्या. सरांना साखर होती. कोणाला पत्ता नव्हता. पायाला कसलीशी जखम झाली, ती चिघळली आणि मग इलाज उरला नाही. त्या दिवशी पाच पॅन्टींचा एकेक पाय कापताना मुख्तारची कात्री पहिल्यांदा वाकडी गेली. आधी ओरडायला हवं होतं, हे त्याला तेव्हापासून सलत होतं. कोणाच्या शरीराचा आकडा घटतोय हे डॉक्टरच्याही आधी शिंप्याला कळलं होतं, आणि शिंपी म्हणाला होता, मुबारक हो सर.

त्यानं लोटनच्या पायांकडे पाहिलं. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधली होती.

"हाई काय व्हयनं?"

"चप्पल चावनी," लोटन म्हणाला. "दसराले. व्हई जाई बरं."

दसऱ्याला चावलेली चप्पल तुळशीच्या लग्नानंतरही बरी झाली नव्हती. मुख्तारनं टेप गळ्यात टाकली आणि लोटनला सरळ सांगितलं, चल, दवाखाना इथून पाच मिनिटांवर आहे, सुई टोचतात, साखर तपासतात, आत्ता जाऊ.

लोटन आधी हसला, मग चिडला. "शुगर शहरना लोकेस्ले व्हस रे! खुर्चीमा बठनारास्ले. आमनं वावर शे, मोकयं वारं शे, आमले काय व्हई? पोरनं लगीन शे आनि तू मले रोगी बनाडस?"

"लोटन, तुन्ही कंबर पाच इंच..."

"बारीक व्हयनू ते तुले देखाय नही का? तू आरसामा सोताले देखेल शे का कधी?" बाकावरचे दोघं फिसकन हसले. लोटन बाटली उचलून निघाला. "सफारी पंधरा दिनमा तयार पाहिजे!"

तो गेला आणि मुख्तारला कळेना आता करावं काय. डॉक्टरकडे औषध असतं, मास्तरकडे छडी असते. शिंप्याकडे काय असतं? त्याची नजर टेबलावरच्या राखाडी कापडावर गेली. त्यानं ते कापड लोखंडी कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली पॅन्टीच्या खिशात टाकली.

आठ दिवसांनी लोटनचा फोन आला. "कापी लिधं का?" मुख्तार म्हणाला, साखर तपासल्याशिवाय कात्री लावणार नाही. लोटननं त्याला अहिराणीतल्या ज्या काही शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत, पण मुख्तारला त्या ऐकून शाळेची आठवण झाली आणि जरा बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी लोटनची बायको बेबाबाई बोलली, अगदी हळू आवाजात, बहुधा गोठ्यातून. "मुख्तारभाऊ, कपडा देऊ नका. येस्ले पानी पुरत नही. रातले चारदा उठतस. कोनंच ऐकतस नही. तुम्ही धरी ठेवा."

त्यानं धरून ठेवलं. पंधराव्या दिवशी लोटन स्वतः आला, थेट घरी, नसीमच्या समोर. "वहिनी, तुमना नवराले सांगा, मन्हा कपडा परत दे. मी दुसरा शिंपीकडे जास."

नसीमनं त्याला बसवलं, पाणी दिलं, पुन्हा पाणी दिलं, मग तांब्याच समोर ठेवला. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "लोटनभाई, तपासणी तर करायलाच पाहिजे."

"ठीक शे," लोटन म्हणाला आणि मुख्तारकडे बोट केलं. "पहिले येन्ही. मंग मन्ही."

"मला काय झालंय?" मुख्तार म्हणाला. "माझी कंबर तेवढीच..."

नसीमनं त्याच्या गळ्यातली टेप ओढली. तीस वर्षं ती ज्या क्षणाची वाट बघत होती तो आला होता. तिनं नवऱ्याला भिंतीशी उभं केलं. मुख्तारनं श्वास आत ओढला. नसीम इतकी वर्षं एका शिंप्याची बायको होती. ती शांतपणे थांबली, श्वास सुटू दिला, आणि मग नखानं आकडा दाबून शेजारच्या चार घरांत ऐकू जाईल असं ओरडली, "छियालीस!"

लोटन इतका हसला की त्याला ठसका लागला. मुख्तार मात्र मोरीकडे वळला. मोरीच्या दोरीवर त्याची जुनी पॅन्ट वाळत होती. त्यानं ती उलटी केली. मागच्या शिवणीशेजारी, उडालेल्या रंगात, जुन्या शिवणींच्या रेषा एकापाठोपाठ एक दिसत होत्या, प्रत्येक रेष त्याच्या हातची. अडतीसची, चाळीसची, बेचाळीसची, आणि पलीकडे सेहेचाळीसपर्यंत नेणारी पट्टी. सगळ्या गावाची मापं वहीत होती. त्याचं एकट्याचं पान नव्हतं, ते इथे पॅन्टीच्या आत लिहून ठेवलेलं होतं.

"चल," तो लोटनला म्हणाला.

दवाखान्यातली सिस्टर वयानं आतिफएवढी असेल, पण दोघांना तिनं शाळकरी पोरांसारखं बाकावर बसवलं. आधी मुख्तारच्या बोटाला सुई टोचली. दोनशे छत्तीस. "काका, कधीपासून आहे?" मुख्तार म्हणाला, आजपासून. मग लोटनची पाळी. मशीनवर आकडा आला आणि सिस्टरचं हसू गेलं. चारशे बारा. तिनं लोटनच्या अंगठ्याची चिंधी सोडली. आतला रंग पाहून मुख्तारनं तोंड फिरवलं.

"हे दुखत नाही का?" तिनं विचारलं.

"नही," लोटन मोठ्या अभिमानानं म्हणाला.

"तेच वाईट आहे, आबा," ती म्हणाली आणि डॉक्टरांना बोलवायला उठली.

लोटनला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. बेबाबाईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज आता लपून येत नव्हता, पण फाटला होता. "भाऊ, डाक्टर म्हनतस, आंगठा जाई का ऱ्हाई, देखू. आंगठा गया ते मंग पाय..." मुख्तारनं फोन ठेवला आणि पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हुशारीचा राग आला. पंधरा दिवस त्यानं कापड धरून ठेवलं होतं. त्यापेक्षा त्या पहिल्याच दिवशी लोटनला खांद्यावर टाकून नेलं असतं तर? शिंपी म्हणून जे जमलं ते त्यानं केलं होतं, पण ते पुरेल की नाही हे आता त्याच्या हातात नव्हतं.

हातात काम होतं ते एकच. त्यानं कपाट उघडून राखाडी कापड बाहेर काढलं. पण सफारी शिवायची कोणत्या मापानं? साडेतेहतीस हे माप आजाराचं होतं, साडेअडतीस हे टोस्टचं. शेवटी मुख्तारनं खडूनं पस्तीस लिहिलं. साखर ताब्यात आली की माणूस जरा भरतो, असं सिस्टर म्हणाली होती. म्हणजे भरायला जागा पाहिजे. शर्ट झाला, कॉलर झाली, पॅन्टीची कंबर झाली. मोहऱ्या मात्र त्यानं उघड्याच ठेवल्या. मोहरी म्हणजे पॅन्टीच्या पायाचं खालचं टोक. ते नेहमी शेवटी, माणूस समोर उभा करूनच दुमडतात, हा सगळ्याच शिंप्यांचा रिवाज. यावेळी मात्र त्या उघड्या मोहऱ्यांकडे बघताना त्याला सुकदेव सरांच्या पाच पॅन्टी आठवायच्या, आणि तो सफारीवर जुनी चादर टाकून द्यायचा.

मधल्या दोन महिन्यांत दुकानात उलथापालथ झाली. मुख्तारनं मशीनची मोटर काढून आतिफच्या हातात दिली आणि जुना पट्टा चढवून पॅडल मारायला लागला. पहिल्या दिवशी पोटऱ्यांत इतके गोळे आले की रात्री नसीमला तेल चोळावं लागलं. स्कूटर घरी राहू लागली. कचोरीवाला दोनदा विचारून गेला, तब्येत बरी आहे ना? एका दुपारी त्यानं शटर अर्धं ओढलं, लुंगी लावली, स्वतःच्या चारही पॅन्टी उसवल्या आणि पट्ट्यांत उरलेली माया कात्रीनं कापून टाकली.

"अब बढ़ गए तो?" नसीमनं विचारलं.

"बढ़े तो लुंगी," मुख्तार म्हणाला, "निकाह में भी, मय्यत में भी."

आणि सगळ्यात मोठा अपघात गिऱ्हाइकांचा झाला. "तेवढंच आहे" बंद झालं. एकाला त्यानं हळूच कानात सांगितलं की भाऊ, तीन इंच वाढलीय, एकदा तपासून घ्या. तो कापड उचलून तडक दुसऱ्या टेलरकडे गेला. दुसरा आठवडाभर रुसला. तिसरा, सिंधी कॉलनीतला कापडवाला, आधी भडकला, मग तपासून आला, आणि नंतर गोळ्यांचं पाकीट दाखवायला मुद्दाम दुकानात आला. अब्बांचा नियम मोडताना मुख्तारला दर वेळी घाम फुटायचा. पण तो मोडत राहिला.

लोटनशी बोलणं फोनवर व्हायचं. "आठे बठ्ठं बरं शे," लोटन सांगायचा. "पाय?" "बरा शे." "अंगठा?" "बरा शे रे, किती इचारस!" पण हाच लोटन महिनाभर पारावर बसून साखर वाढवण्याचे वर्ग घेत होता. त्याच्या "बरा शे"वर मुख्तार काय विश्वास ठेवणार? बेबाबाईला विचारावं तर ती लग्नाच्या गडबडीत, फोन लागलाच तर मागे वाजंत्री आणि बायकांचा कालवा. एवढं मात्र कळलं होतं की त्या पारावरच्या नऊ जणांना सरकारी शिबिरात लोटननंच हाताला धरून नेलं, आणि त्यातल्या तिघांची साखर वाढलेली निघाली. आता तिघंही त्याला शिव्या देत भाकरी मोजून खात होते.

माघातल्या लग्नाच्या सकाळी मुख्तार आणि नसीम पहाटेच्या गाडीनं नरडाण्याला उतरले. सफारी घडी घालून पिशवीत होती. खिशात सुई, राखाडी दोरा आणि खडू. मोहऱ्या उघड्या.

गावात मांडव पडला होता. मागे चुलाणावर वरण उकळत होतं, बट्ट्या तळल्या जात होत्या, वांग्याच्या घोटलेल्या भाजीचा वास सगळ्या आळीत भरला होता. एरवी या वासानं मुख्तारचे पाय आपोआप मागे वळले असते. आज ते सरळ घरात गेले. लोटन आतल्या खोलीत खाटेवर बसला होता, गुडघ्यापर्यंत गोधडी, थंडी होती म्हणून. की दुसरंच काही होतं?

"काय भो! जित्ता शे का?" लोटन ओरडला.

"ऊठ," मुख्तार म्हणाला. "मोहऱ्या बाकी आहेत."

लोटननं गोधडीच्या आडच सफारी चढवली. पॅन्टीची कंबर बसली, अगदी बेताची. पस्तीस. मुख्तारनं ते पाहिलं, पण मन तिथे नव्हतं. त्यानं पाट ओढला, लोटनला त्यावर उभं केलं आणि स्वतः खाली बसला. खाली बसताना पोट आडवं आलं, पण पूर्वीइतकं नाही. लांब पॅन्ट पाटावर लोळत होती, पायाचं काही दिसत नव्हतं. खोलीत लोटनचे चार पाहुणे, मोहिनीच्या दोन मावश्या, बेबाबाई, नसीम, सगळे उभे होते. मुख्तारनं डावी मोहरी वर दुमडली. मग उजवी.

उजव्या अंगठ्यावर नवी, गुलाबी कातडी आली होती. नख अर्धं होतं. अंगठा मात्र जागेवर होता.

मुख्तार दोन्ही पायांच्या एकेका बोटाला हात लावून मोजायला लागला.

"काय मोजी ऱ्हायना रे?" लोटननं वरून विचारलं.

ज्या माणसानं तीस वर्षांत कोणाच्या अंगाचा आकडा मोठ्यानं तोंडातून बाहेर काढला नव्हता, तो मुख्तार टेलर डोकं वर करून असा ओरडला की बाहेर वाजंत्रीवाला थबकला. "दहा! बठ्ठा दहा!"

मावश्या हसल्या. बेबाबाईनं पदर तोंडाला लावला. मुख्तारचा चष्मा धुरकटला, तरी त्यानं खडू काढला, दोन्ही पायांना घोट्याखाली खूण केली आणि उजव्या मोहरीला पहिला टाका घातला.

"उजवी जरा लांब ठेव रे, आंगठा झाकाई जाई," लोटन म्हणाला.

"नाही," मुख्तार म्हणाला, "दोन्ही बरोबर राहू दे." आणि दोरा दातानं तोडून तो डावीकडे वळला.